विदेशी दर

माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या कार्यालयात, बिलाच्या खिडकीमागे गेली. आपलं मीटर जोरात पळतं असं अकोल्यात ज्याला ज्याला वाटलं, तो आधी माझ्याशी भांडून मग साहेबांकडे गेला. त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं असायचं. त्या खुर्चीने मला दोन सवयी लावल्या. समोरच्याचा आवाज चढला म्हणून आपण उठायचं नाही, ही एक. आणि बिल हातात आलं की खालची रक्कम नंतर, आधी वरचा दर बघायचा. घरगुती, व्यापारी, की शेतीचा पंप. तिथे चूक असली तर पुढची बेरीज कितीही बरोबर असो, बिल चूकच.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी भांडखोर ठरले. काही लोक अजून तसं म्हणतात. म्हणोत.

निवृत्त झाल्यावर आम्ही वरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. घरात मी आणि मिस्टर दोघंच. त्यांचं पंपाच्या मोटारी वाइंड करायचं दुकान आहे, ते दिवसभर तिकडेच असतात. विद्यापीठातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, एक विदेशी विद्यार्थिनी आहे, चालेल का? मी म्हटलं, भाडं वेळेवर देत असेल तर न चालायला काय झालं.

ती टांझानियाची होती. तिकडे एका मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला तिचं गाव, आणि त्या भागात कपाशी पिकते. म्हणून कपाशीवर पीएच.डी. करायला ती अकोल्यात आली. तिशीच्या अलीकडची, उंच, केस अगदी बारीक कापलेले. आली त्या दिवशी तिने मिस्टरांपुढे वाकून काहीतरी म्हटलं. मोठ्या माणसाला त्यांच्याकडे असंच म्हणतात, असं तिने मग हिंदीत सांगितलं. मिस्टरांनी काय उत्तर द्यावं हे न कळून तिच्यापुढे पाण्याचा गडवा केला.

शेजारच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी मला गेटपाशी गाठलं.

"फॉरेनची हाय न? मंग डबल भाडं सांग. त्याह्यले काय फरक पडते."

"खोली तीच, नळ तोच," मी म्हटलं. "भाडं काहून दुसरं?"

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी नुकसानीचा धंदा करणाऱ्याकडे टाकतात.

त्याच आठवड्यात ती खाली आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काकू, एक बात बतानी है. मुझे एक बीमारी है. कभी दर्द हुआ तो घबराना मत." आणि मग इंग्रजीत नाव सांगितलं. सिकलसेल.

मी तिला बस म्हटलं. हा आजार आमच्या घरात आहे. अमरावतीला माझा भाऊ राहतो, त्याच्या मुलीला लहानपणापासून आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि मग हाडांतून अशी कळ येते की मोठा माणूस गडाबडा लोळतो. आमच्या विदर्भात हा आजार पुष्कळ आहे. हे मी सांगत होते तशी तिची मान हळूहळू वर आली.

"इथे लोकांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"ज्याच्या घरात आहे त्याला माहीत आहे."

तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता, शाळेत असताना. तिच्या देशात हा आजार घरोघर माहीत होता, पण समुद्र ओलांडून आल्यावर आपण एकटेच, अशी तिची समजूत होती. त्या संध्याकाळी ती जेवायला खालीच थांबली. भाचीबद्दल तिने इतकं विचारलं, की मी शेवटी फोन लावून दोघींचं बोलणंच करून दिलं.

हळूहळू ती आमच्यासारखी बोलायला लागली. शेतातल्या बायांकडून, भाजीवाल्यांकडून, आणि माझ्याकडून तिने जे उचललं ते पुस्तकातलं मराठी नव्हतंच. मले, तुले, येऊन राहिलो. आमच्याकडे बायकाही 'जातो, येतो' म्हणतात, तशी तीही म्हणायची. मिस्टरांना याची फार मौज वाटायची. आणि काही शब्द तर तिला शिकवावे लागलेच नाहीत. चहाला ती तिच्या भाषेत चाय म्हणते, दुकानाला दुका, पैशाला पेसा. औषधाला दवा आणि विम्याला बिमा. "दवा अन् बिमा मले पहिल्यापासून येते," ती म्हणायची.

येताना तिने वर्षभराच्या गोळ्या घरून आणल्या होत्या. या आजारात एक गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती सुरू असताना रक्त मधूनमधून तपासावं लागतं. तपासल्याशिवाय कोणी डॉक्टर ती लिहून देत नाही, आणि चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही. आणलेल्या गोळ्या संपत आल्या तेव्हा ती शहरातल्या एका मोठ्या तज्ज्ञाकडे गेली. बाहेर बसलेल्या मुलीने तिला बघून जी फी सांगितली, ती भिंतीवर लावलेल्या फीपेक्षा वेगळी होती. रक्ताच्या तपासणीचंही तसंच. स्टायपेंड तेव्हा दोन-तीन महिन्यांपासून अडकलेला. व्हिसासाठी काढलेला विमा होता, पण विमा कंपनीने सांगितलं की आजार जुना आहे, आमच्याकडे बसत नाही. ती एकदा फी भरून आली, पण तपासणीचे पैसे जमेनात म्हणून दुसऱ्यांदा गेलीच नाही. उरलेल्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागली, मग दोन दिवसांआड. हे सगळं मला नंतर कळलं.

डिसेंबरात वऱ्हाडात सकाळची थंडी झोंबणारी असते. तिच्या प्रयोगाच्या शेतात बोंडं वेचायचं, मोजायचं काम चालू होतं, आणि ती दवात भिजत सकाळपासून तिथेच असायची. एके दिवशी तिच्यासोबत काम करणारी मुलगी तिला ऑटोत घालून घरी घेऊन आली. ती पाय पोटाशी घेऊन सीटवर आडवी पडली होती. रडत नव्हती. दात आवळून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. मी भाचीला असं पाहिलं आहे, त्यामुळे मी काही विचारलं नाही. मिस्टरांना दुकानातून बोलावलं आणि आम्ही तिला सगळ्यात जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं.

दवाखाना चांगला आहे, हेही सांगायला पाहिजे. डॉक्टरांना आजार माहीत होता. त्यांनी लगेच सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला, वेदनेचं इंजेक्शन दिलं. नर्सेसनी तिची काळजी घेतली. यात माझी काही तक्रार नाही. तक्रार खालच्या मजल्यावरची आहे.

भरती करताना काउंटरवर तिचा पासपोर्ट मागितला. झेरॉक्स काढून देतो म्हणाले. आम्ही स्ट्रेचरमागे धावत होतो, पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहिला. मी दुसऱ्या दिवशी मागायला गेले तर काउंटरवरचा तरुण म्हणाला, "डिस्चार्जच्या वेळी देऊ मॅडम, फॉरेनर पेशंटची तीच पद्धत आहे."

काही दिवसांनी दुखणं उतरलं आणि आज संध्याकाळी घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले. मी खाली जाऊन कच्चं बिल मागितलं. सवयीप्रमाणे आधी दर बघितले. खोलीचा दर, डॉक्टरांच्या भेटीचा दर, ऑक्सिजनचा दर. बाजूच्या भिंतीवर दवाखान्याने स्वतःच दरपत्रक लावलं होतं. एकही आकडा जुळत नव्हता. सगळं दुपटीच्या आसपास.

"हे असं काहून?" मी विचारलं.

"हे फॉरेनर पॅकेज आहे मॅडम. विदेशी पेशंटला दर वेगळा लागते."

"कोणत्या कारणाने?"

"ते लोक डॉलरमध्ये कमावतात न."

"ही पोरगी रुपयांत स्टायपेंड घेते. तोही वेळेवर येत नाही."

"ते आमाले माहीत नाही. कॉम्प्युटरमध्ये देश टाकला की दर आपोआप लागते."

मी इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून लोकांना हेच सांगितलं होतं, की कॉम्प्युटर लावतो, मी काय करू. त्यामुळे मला पक्कं माहीत होतं की कॉम्प्युटरला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो काही लावत नाही. मी त्याला म्हटलं, "म्हणजे घरगुती माणसाले तुम्ही व्यापारी मीटर लावलं." त्याला ते कळलं नाही. तो मागच्या माणसाला पुढे या म्हणाला.

तोवर ही बातमी विद्यापीठात पोचली होती. तिच्या विभागातल्या लोकांनी ग्रुपवर वर्गणी सुरू केली. प्राध्यापकांचा मला फोन आला, काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत बरेच पैसे जमतील. मी स्वतःही देणार होते. मला बरं वाटलं, आणि मी वर जाऊन तिला सांगितलं.

ती उशीला टेकून बसली होती. हातात सलाईनची सुई, ओठ कोरडे. तिने मला बिल मागितलं. ते शांतपणे वाचलं. मग म्हणाली, "काकू, ते पैसे ज्याचे त्याले परत करायला सांगा."

"अगं, लोक प्रेमानं देऊन राहिले."

"मले माहीत आहे. पण ते पैसे मले कुठं भेटणार? ते खाली जाणार. माझ्या नावानं मागायचं अन् त्याह्यचा चुकीचा दर भरायचा? मी नाही करत."

"मग काय करतं?"

"भिंतीवर जो दर लिहिला आहे, तो मी भरतो. माझ्या पैशानं. त्याच्या वर एक रुपया नाही. माझाही नाही, तुमच्या लोकांचाही नाही."

मी तिला समजावलं की तू आजारी आहेस, आत्ता घरी चल, भांडण मी नंतर करीन. मिस्टरही तेच म्हणाले. ती ऐकून घेत होती. मग तिने चप्पल शोधली. "खाली जातो," म्हणाली.

शेजारच्या पलंगावर मूर्तिजापूरची एक वयस्क बाई होती, छातीत कफ भरला म्हणून आणलेली. तिचा मुलगा पायथ्याशी बसून आमचं सगळं ऐकत होता. तिलाही त्याच दिवशी सोडणार होते. हिने त्याला विचारलं, "दादा, तुमचं बिल पाहू का?" त्याने खिशातून काढून सरळ तिच्या हातात दिलं. "घेऊन जा ताई. काय म्हणतात ते मलेबी सांगजा." त्याच खोलीतला पलंग, तेच सलाईन, तोच ऑक्सिजन. त्याच्या आईचा दर भिंतीवरचा होता.

सलाईनची बाटली मी धरली आणि आम्ही खाली गेलो. दवाखान्याचा ढगळ अंगरखा, त्यावर माझी शाल, आणि ही काउंटरसमोरच्या बाकावर बसली. दोन्ही बिलं मांडीवर ठेवली. काउंटरवरचा तरुण म्हणाला, "मॅडम, पेशंटला वर न्या." मी म्हटलं, पेशंटचे पाय तिचे आहेत. तो म्हणाला, मी साहेबांना बोलावतो. ती म्हणाली, "बोलवा. मी त्याह्यचीच वाट पाहून राहिलो."

दुपारची वेळ, बाकांवर माणसं भरलेली. एक काळी, उंच बाई वऱ्हाडीत बोलते आहे म्हटल्यावर सगळे कान टवकारून होते. एका म्हाताऱ्याने सरकून तिला आणखी जागा दिली.

डॉक्टर आले. दवाखाना त्यांच्याच मालकीचा. भला माणूस, आवाज मऊ. म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतंय ना? मग हे कशाला? सगळीकडे विदेशी पेशंटचा दर वेगळाच असतो. मोठ्या शहरात तर याहून जास्त असतो."

"सर, तुम्ही मला चांगलं केलं. मी तुमची आभारी आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिने शुद्ध मराठीत म्हटलं, मी घरी शिकवलेलं. मग आपल्या बोलीवर आली. "पण एक सांगा. माझ्या बाजूच्या आईले अन् मले एकाच टाकीचा ऑक्सिजन भेटला. माझ्या नळीत काही वेगळं आलं का?"

बाकावरचे दोघं-तिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"कागदपत्रांचं काम असतं विदेशी पेशंटचं. पोलिसांना कळवावं लागतं."

"त्याचे पैसे वेगळे लावा," मी म्हटलं. "एका कागदाचे. ऑक्सिजनवर काहून लावता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या दरपत्रकाकडे, मग बाकांवरच्या गर्दीकडे. काउंटरवरच्या तरुणाला म्हणाले, "ठीक आहे. पन्नास टक्के डिस्काउंट टाक."

मला वाटलं, संपलं. माझा हात पर्सकडे गेलासुद्धा. पण ती जागची हलली नाही.

"डिस्काउंट नको, सर."

"म्हणजे? रक्कम तर तीच होते आहे."

"मले सूट नाही पाहिजे. दर पाहिजे. तुम्ही सूट लिहिली तर ती तुमची मेहेरबानी झाली. उद्या माझ्यासारखा दुसरा कोणी येईल, त्याले भांडता नाही आलं, तर तो डबल भरून जाईल. बिल पुन्हा काढा. या आईचं काढलं तसं."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "तुम्ही आमच्या देशात पाहुण्या आहात. जरा समजून वागायला पाहिजे."

मी तोंड उघडणार होते, पण तिनेच उत्तर दिलं. "पाहुण्याकडून तुमच्या घरी कोणी जास्त पैसे घेते का, सर? या काकूंनी नाही घेतले."

डॉक्टरांनी तरुणाला नवं बिल काढायची खूण केली. नव्या बिलाचा कागद छपाईच्या मशीनमधून येईपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ ती ताठ बसून होती. मला माहीत होतं की तिच्या कमरेत अजून कळ होती, कारण माझ्या शालीचं टोक तिने मुठीत पिळून धरलं होतं. बिल आलं. भिंतीवरचे दर. सूट हा शब्द कुठेही नव्हता. तिने पैसे भरले आणि पासपोर्ट मागितला. तरुण म्हणाला, पावती झाली की देतो. मी म्हटलं, पावती नंतर दे, पासपोर्ट आधी. तो तिच्या सरकारचा आहे, तुझ्या ड्रॉवरचा नाही. त्याने दिला.

ते पैसे कुठून आले हे सांगायला पाहिजे. घरी जायच्या विमानाच्या तिकिटासाठी तिने साठवले होते. आई-वडिलांना भेटून तिला दीड वर्ष होत आलं होतं. त्या वर्षी ती गेली नाही. जिंकलो असं आम्ही म्हणत होतो, आणि तिने तिकिटाचं नावही काढलं नाही. ते मला तिच्या आईच्या फोनवरून कळलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण पोरगी का आली नाही असं विचारणारी आई कोणत्याही भाषेत कळते.

वर्गणी परत झाली. काही जणांना राग आला, आम्ही चांगल्या मनाने देत होतो आणि हिने आम्हाला तोंडघशी पाडलं, असं ते म्हणाले. त्यांचं मन चांगलंच होतं. पण मला विचाराल तर ती बरोबर होती.

गोळ्यांचा प्रश्न तसाच होता. भाची अमरावतीहून फोनवर म्हणाली, "आत्या, तिला इकडे घेऊन ये. माझ्या ओपीडीत." अकोल्यातही सरकारी दवाखाना आहे, मोठा आहे. पण भाचीला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातल्या बाईडॉक्टर लहानपणापासून ओळखतात, म्हणून आम्ही तिकडे गेलो. बडनेऱ्याला भाची घ्यायला आली होती. ती एका साड्यांच्या दुकानात काम करते. फोनवर इतके महिने बोललेल्या त्या दोघी स्टेशनवर भेटल्या आणि मला विसरल्या.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्ड मागितलं. हिने पासपोर्ट पुढे केला. खिडकीतले भाऊ म्हणाले, "हे कॉम्प्युटर घेत नाही."

"मग हातानं लिहा," भाची म्हणाली. "लाइट गेल्यावर लिहिताच न."

त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरबाईंनी तिचे डोळे, नखं बघितली, कागद वाचले, आणि कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं, "योजनेच्या फुकट गोळ्या मी हिला देऊ शकत नाही. त्या नोंदलेल्या पेशंटपुरत्याच येतात. पण तपासू शकते, रक्त इथेच बघू शकते, आणि चिठ्ठी लिहू शकते. जी साधी फी आहे ती भरा."

"मी फुकट मागायला आलोच नाही, मॅडम," ती म्हणाली. "सगळे भरतात तेच भरायला आलो."

डॉक्टरबाईंनी हाताने केसपेपर केला. रक्त तपासलं. गोळ्या लिहिल्या. बाहेरच्या जेनेरिक औषधांच्या दुकानात आम्ही चिठ्ठी दाखवली, आणि दुकानदाराने महिन्याच्या गोळ्यांची किंमत सांगितली. आमच्या घरी महिन्याला जेवढ्याचं दूध येतं, त्याच्याहून कमी.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मला वाटलं पुन्हा दुखतंय. तिने मान हलवली. पुड्या हातात घेऊन नुसती बघत होती. मग म्हणाली, "काकू, दवा तर स्वस्त आहे. मी दवा महाग आहे समजून उपाशी ठेवलं स्वतःले. महाग तर डॉक्टरचं दार होतं." तिला इतकी चिडलेली मी दवाखान्यातही पाहिली नव्हती. त्या दुपारी कोणी समोर आलं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं. भाचीने तिला हात धरून उठवलं आणि आम्ही गिला वडा खायला गेलो. दह्यात बुडलेले वडे खाताना त्या दोघी दुखण्याबद्दल बोलत होत्या, जसं दोन बायका सासरबद्दल बोलतात. कुठे सुरू होतं, कशाने वाढतं, लोक काय काय सुचवतात. भाची म्हणाली, दुकानात मी सांगितलेलं नाही. कळलं तर काढून टाकतील. ही म्हणाली, "सांग. काढलं तर आपण दोघी जाऊन बाकावर बसू."

भाचीने पुढच्या महिन्यात मालकाला सांगितलं. त्याने काढलं नाही. थंडीत उशिरा ये म्हणाला, आणि त्या तासांचा पगार मात्र कापला. त्यावरून त्याच्याशी तिचं भांडण अजून चालू आहे.

मिस्टरांचे एक चुलतभाऊ त्या खाजगी दवाखान्यात कामाला आहेत. एका लग्नाच्या पंगतीत ते मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळं मले साहेबांपुढं मान खाली घालावी लागली. घरच्या माणसानं असं करू नये."

"भाऊजी, दर बदलला का तिथला?" मी विचारलं.

"ते मले काय माहीत."

"मंग विचारून सांगा. मान वर होईल."

त्यांनी पुढे माझ्याशी बोलणं कमी केलं. माझा रक्तदाब वाढला तर आता मला त्या दवाखान्यात जाता येणार नाही, असं मिस्टर अधूनमधून म्हणतात. मी म्हणते, जाईन. भिंतीवर दर लिहिला आहे, तेवढे पैसे घेऊन जाईन.

ती आता दर महिन्याला एकटीच अमरावतीला जाऊन येते. अंगात पहिल्यापेक्षा दम आला आहे. विद्यापीठात बाहेरच्या देशांतले आणखी काही विद्यार्थी आहेत. कोणाचा दात दुखला, कोणाला ताप आला, की आधी ते हिला फोन करतात. ही दवाखान्यात फोन लावून वऱ्हाडीत दर विचारते. पलीकडच्याला वाटतं गावातली कोणी बाई बोलते आहे, तो खरा दर सांगतो. मग ही म्हणते, "ठीक आहे, पेशंट घेऊन येतो," आणि एखाद्या अफगाण नाहीतर इथिओपियन पोराला पुढे घालून हजर होते.

गेल्या महिन्यात एक अफगाण मुलगा दुचाकीवरून पडला, मनगट मोडलं. मी चिवड्याचे पोहे भाजत होते, तेव्हा तिचा फोन आला. मागून काउंटरवरचा गलबला ऐकू येत होता, कोणीतरी पासपोर्ट, पासपोर्ट म्हणत होतं.

"येऊ का?" मी विचारलं. गॅस बंदही केला होता.

"नको काकू," ती म्हणाली. "तुमी तुमचं काम करा. मी बसलो आहे इथं. नातेवाईक कोण म्हणून विचारत होते, मी म्हटलं मीच. झेरॉक्स दिली आहे. ओरिजिनल माझ्या पर्समध्ये आहे."